तुटलेली फाइल एक्स-रेत दिसते, पण दाढ तिच्यामुळेच गेली का?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"दीड वर्षापूर्वी खालची डावीकडची पहिली मोठी दाढ दुखायला लागली म्हणून रूट कॅनाल करून घेतलं. सुरुवातीच्या एक्स-रेतच मुळाच्या टोकाशी छोटी काळी सावली असल्याचं डॉक्टरांनी दाखवलं होतं. तीन सिटिंगमध्ये काम संपलं. कॅप बसवायला मी पाच महिने उशीर केला, कारण तोवर चावताना दुखतच होतं. तक्रार घेऊन दोनदा गेले. दोन्ही वेळा एक्स-रे न काढता अँटिबायोटिक दिलं आणि 'हळूहळू बसेल' म्हणून सांगितलं. चौदाव्या महिन्यात गाल सुजला. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर दाढेच्या मुळात फाइलचा, म्हणजे नळी साफ करायच्या सुईसारख्या बारीक हत्याराचा, तुटलेला तुकडा आणि टोकाशी मोठी काळी सावली. 'ही सरळसरळ चूक आहे, दाढ वाचणार नाही' असं म्हणून त्यांनी ती काढली. तुकड्याबद्दल पहिल्या डॉक्टरांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. वकील म्हणतात, चूक दाखवता येईल, पण कार्यकारणभाव सिद्ध करायला तज्ज्ञ लागेल आणि आपली खरी अडचण तिथेच आहे. तुकडा तर ढळढळीत दिसतोय. आणखी काय सिद्ध करायचं?"

सप्रेम नमस्कार.

वर्षभर दुखणं सोसायचं, विश्वास ठेवून परत परत त्याच दारात जायचं आणि शेवटी दाढही गमवायची, वर तुकड्याची गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून कळायची. तुमचा संताप रास्त आहे. तरीही तुमच्या वकिलांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते पटवून घेण्यातच तुमचं हित आहे. एक्स-रेतला तुकडा फक्त एवढंच सांगतो की फाइल तुटली. दाढ का गेली, हे तो सांगत नाही. तुमचा दावा या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत जिंकला किंवा हरला जाणार आहे.

निष्काळजीपणाच्या दाव्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात: डॉक्टरांनी अपेक्षित काळजी घेतली नाही, तुमचं नुकसान झालं, आणि ते नुकसान त्या हयगयीमुळे झालं. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून माणूस तिसरी गृहीत धरतो. न्यायालय ती गृहीत धरत नाही. इंग्लंडमधला १९६० च्या दशकातला बार्नेट खटला यासाठी आजही शिकवला जातो. तीन रात्रपाळीचे पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या करत रुग्णालयात आले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्यांना न तपासताच घरी पाठवलं. त्यातला एकजण काही तासांत दगावला; चहात आर्सेनिक होतं. डॉक्टरांनी तपासायला हवं होतं हे न्यायालयाने मान्य केलं, आणि तरीही विधवेचा दावा फेटाळला. कारण त्याला लगेच दाखल करून घेतलं असतं तरी विष ओळखून उतारा देईपर्यंत वेळ निघून गेली असती. चूक होती, मृत्यूही होता, पण दोहोंना जोडणारा धागा नव्हता.

त्यामुळे तुमच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा: डॉक्टर नीट वागले असते, तर आज तुमची दाढ तोंडात असती का? हे जग प्रत्यक्षात घडलेलं नाही. ते कागदपत्रं, एक्स-रे आणि शास्त्राच्या आधाराने उभं करावं लागतं, आणि तज्ज्ञ लागतो तो त्यासाठी. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात २०१० साली स्पष्ट केलं आहे की वैद्यकीय हयगयीच्या प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही. उजवीकडची दाढ काढायची होती आणि डावीकडची निरोगी दाढ काढली, तर तिथे कारण शोधायला कोण लागतो? तुमचं प्रकरण त्यातलं नाही. तुमच्या दाढेला संसर्ग आधीपासून होता (सुरुवातीच्या एक्स-रेतली काळी सावली ही त्याचीच खूण), आणि अशी दाढ उत्तम उपचार होऊनही कधीकधी जाते. समोरचे वकील पहिल्याच दिवशी हे म्हणणार.

तुमच्या पत्रात एक चूक दिसत असली तरी खरं तर त्यात तीन आरोप आहेत. फाइल तुटली, हा एक. ती तुटल्याचं लपवलं आणि पुढे रूट कॅनाल तज्ज्ञाकडे पाठवलं नाही, हा दुसरा. दुखत असूनही एक्स-रे न काढता दोनदा अँटिबायोटिक दिलं, हा तिसरा. तिघांचा कार्यकारणभाव वेगळा आहे. तिन्ही एकत्र करून "यांच्यामुळे माझी दाढ गेली" असं एकच वाक्य लिहिलंत, तर सगळ्यात कमकुवत आरोप बाकीच्या दोघांनाही खाली ओढेल.

फाइल तुटण्यापासून सुरुवात करू. मुळातल्या नळ्या अरुंद आणि वाकड्या असतात, आणि अत्यंत काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हातातही फाइल तुटू शकते. तुटणं हाच निष्काळजीपणा, असं म्हणणारा तज्ज्ञ उलटतपासणीत फार वेळ उभा राहणार नाही. आणि घटकाभर ती हयगय मानली, तरी पुढचा अडथळा मोठा आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका रूट कॅनाल तज्ज्ञांच्या प्रॅक्टिसमधल्या रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुळाशी आधीच सावली असलेल्या दातांपैकी, तुकडा आत राहिलेले ८६.७ टक्के दात भरून आले आणि तुकडा नसलेले ९२.९ टक्के. समोरचे वकील हा आकडा घेऊन उभे राहतील आणि म्हणतील, "तुकडा असूनही बहुतेक दात बरे होतात. मग यांचा दात तुकड्यामुळे गेला कसा?"

या युक्तिवादाला उत्तर आहे, पण ते तज्ज्ञाला आधीपासून तयार ठेवावं लागेल. ती सरासरी उपचाराच्या सुरुवातीला उभं राहून पुढे पाहणाऱ्याची आहे. तुमच्याकडे मात्र न भरून आलेला दात आहे, आणि तिथून मागे पाहायचं आहे: हा दात अपयशी ठरला हे माहीत असताना, त्या अपयशाचं कारण बहुधा कोणतं? शिवाय तो अभ्यास तज्ज्ञांच्या हातातल्या कामाचा होता. तुकडा तुटल्यावर त्यांनी पुढे काय केलं असेल आणि तुमच्या दाढेत काय केलं गेलं, यात मोठं अंतर असू शकतं. सरासरीला उत्तर म्हणून दुसरी सरासरी शोधत बसण्यापेक्षा तज्ज्ञाने तुमच्या दाढेकडे, तुमच्या तारखांकडे पाहायला हवं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फाइल नेमकी कधी तुटली. नळी पूर्ण साफ झाल्यावर शेवटच्या टप्प्यात तुटली असेल, तर टोकाकडचे जंतू बहुतांशी निघून गेलेले असतात आणि तुकडा जणू नळीत शेवटी करतात त्या भरणीचाच भाग होऊन बसतो. सुरुवातीलाच तुटली असेल, तर तुकड्याच्या पलीकडची नळी कधी साफ झालीच नाही. जंतू तिथे कोंडले गेले आणि वाढत राहिले. धातूचा तुकडा स्वतः दात सडवत नाही. तो मागच्या जंतूंपर्यंत जाण्याची वाट बंद करतो. हे कार्यकारणभावाचं खरं यंत्र आहे, आणि तज्ज्ञाच्या अहवालात ते अशाच साध्या शब्दांत यायला हवं.

कधी तुटली हे कळणार कसं? फायलींना जाडीप्रमाणे क्रमांक असतात: १० क्रमांकाच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटर, २५ क्रमांकाचं ०.२५ मिलिमीटर. साधारणपणे बारीक फाइलपासून सुरुवात करून जाड फाइलकडे जातात. तुकडा बारीक फाइलचा निघाला, तर ती सुरुवातीला तुटली असण्याची शक्यता वाढते. जाड फाइलचा निघाला, तर काम बरंच पुढे गेलेलं असावं. उपचारादरम्यान नळीची लांबी मोजायला काढलेला एक्स-रे, भरणीनंतरचा एक्स-रे आणि सिटिंगच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या, की तुकडा कोणत्या दिवशी आला हे बरेचदा कळतं. लांबी मोजण्याच्या एक्स-रेत फाइल टोकापर्यंत पोचलेली दिसत असेल आणि भरणीच्या एक्स-रेत ती जागा तुकड्याने अडलेली असेल, तर दोहोंच्या मधल्या सिटिंगमध्ये काय झालं हे डॉक्टरांना सांगावं लागेल.

आणखी एक प्रश्न, जो तुमच्या पत्रात सुटला आहे: तुकडा कोणत्या मुळात होता आणि सावली कोणत्या मुळाशी? खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, एक पुढचं आणि एक मागचं. पुढच्यात सहसा दोन बारीक, वाकड्या नळ्या असतात आणि फायली तिथे जास्त तुटतात. तुकडा पुढच्या मुळात आणि सावलीही त्याच मुळाच्या टोकाशी असेल, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते. तुकडा पुढच्या मुळात आणि सावली मागच्या मुळाशी असेल, तर तुकड्यावर उभा केलेला सगळा दावा तिथेच कोसळतो. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. दाव्याचा एकही कागद लिहिण्याआधी ते तपासून घ्या.

दाढ जाण्याची इतर कारणं तज्ज्ञाला नाव घेऊन बाजूला सारावी लागतील, कारण समोरची बाजू ती नाव घेऊन पुढे करणार आहे. मूळ उभं चिरलं असू शकतं. असं झालं तर हिरडीत एकाच जागी अरुंद पण खोल खाच सापडते, आणि एक्स-रेत सावली टोकाशी गोल न राहता मुळाच्या कडेने वर चढलेली दिसते. हिरडीच्या जुन्या आजाराने हाड झिजलेलं असू शकतं; मग शेजारच्या दातांभोवतीही तशीच झीज दिसते. वरचं सिमेंट गळून लाळेबरोबर जंतू परत आत शिरलेले असू शकतात. यातल्या प्रत्येक कारणाच्या खुणा वेगळ्या आहेत, आणि बहुतेक खुणा तपासता येण्यासारख्या आहेत. १९८८ च्या विल्शर खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, हाच पेच होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चुकून जास्त ऑक्सिजन दिला गेला आणि त्याची दृष्टी गेली. पण तशी दृष्टी जाण्याची आणखीही अनेक कारणं त्या बाळात हजर होती. डॉक्टरांच्या चुकीमुळे धोक्यांच्या यादीत एक धोका वाढला, एवढ्यावरून तोच कारण ठरला असं मानता येणार नाही, असं सांगून प्रकरण फेरसुनावणीला पाठवलं गेलं. तुमच्या तज्ज्ञाने "तुकड्यामुळे दात जाऊ शकतो" एवढंच लिहिलं, तर तो या खटल्यातल्या हरलेल्या युक्तिवादापाशीच थांबला.

आता तुमची स्वतःची बाजू. कॅपला पाच महिने उशीर झाला, हे तुम्ही मला मोकळेपणाने लिहिलंत. ते वकिलांनाही आणि तज्ज्ञालाही अशाच मोकळेपणाने सांगा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न घातलेले दात कॅप घातलेल्या दातांच्या सहा पट वेगाने गमावले गेल्याचं आढळलं होतं. तो समोरच्या तज्ज्ञाच्या हातात असेल असंच धरून चाला. मात्र उशिरा कॅप घालण्याने दोन प्रकारे नुकसान होतं: दात फुटतो, किंवा वरून जंतू शिरतात. दाढ फुटलेली नव्हती आणि तात्पुरतं सिमेंट जागच्या जागी होतं असं नोंदींतून दिसलं, तर तुमचा उशीर कारणांच्या यादीतून गळतो. शिवाय दुखणं थांबत नव्हतं म्हणून कॅप लांबली, हे तुमचं कारण समंजस आहे. ते तुमच्या प्रतिज्ञापत्रात तारखेसह यायला हवं. दोन्ही कारणांनी मिळून नुकसान झालं असं निघालं, तरी दावा आपोआप संपत नाही. १९५६ च्या बॉनिंग्टन खटल्यापासून इंग्रजी कायद्यात असं मानलं जातं की चुकीचा वाटा नगण्य नसला, तर ती एकमेव कारण असायला हवी असं नाही. पण मग तो वाटा किती हे बोलावंच लागतं.

दुसरा आरोप, लपवाछपवीचा, मला नैतिकदृष्ट्या सर्वांत गंभीर वाटतो. तुकडा आत राहिला तर रुग्णाला सांगणं आणि नोंद करणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे, त्यात दोन मतं असायचं कारण नाही. पण याही आरोपाला तोच प्रश्न लागू होतो. सांगितलं असतं तर काय बदललं असतं? पहिलं, तुम्ही रूट कॅनाल तज्ज्ञाकडे गेला असता का? हे फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि नंतर सुचलेलं उत्तर न्यायालय जरा साशंकतेने ऐकतं. तुम्ही दुखणं घेऊन दोनदा स्वतःहून गेलात, म्हणजे सांगितलेलं ऐकणाऱ्या आणि पाठपुरावा करणाऱ्या रुग्ण आहात, ही त्यातली तुमची जमेची बाजू. दुसरं, तज्ज्ञाला काय करता आलं असतं? नळीच्या वरच्या, सरळ भागातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अल्ट्रासॉनिक उपकरणाने निघण्याची आशा बरी असते. वळणापलीकडे, टोकाजवळ अडकलेला काढणं फार अवघड, आणि हट्टाने काढायला गेलं तर मूळच कमकुवत होतं. कधी तुकड्याच्या बाजूने वाट काढता येते, कधी मुळाच्या टोकाची छोटी शस्त्रक्रिया करता येते. हे सगळं मिळून दात वाचण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती का, यावर साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाने स्पष्ट मत द्यायला हवं.

निम्म्याहून अधिक हा उंबरठा इतका का महत्त्वाचा? १९८७ च्या हॉट्सन खटल्यात तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, खुब्याचं निदान पाच दिवस उशिरा झालं आणि सांधा कायमचा बिघडला. वेळेत निदान झालं असतं तरी सांधा बिघडण्याची शक्यता ७५ टक्के होती, असा निष्कर्ष निघाला. खालच्या न्यायालयांनी हुकलेल्या २५ टक्के संधीची भरपाई दिली होती; हाउस ऑफ लॉर्ड्सने तीही काढून घेतली. नुकसान बहुधा पडण्यामुळेच झालं असं ठरलं, की उशिराच्या वाट्याला काही उरत नाही. सगळ्या देशांत हे गणित इतकं कडक नाही, काही ठिकाणी हुकलेल्या संधीचीही भरपाई मिळते. तुमचे उपचार कोणत्या देशात झाले हे पत्रात नाही, त्यामुळे तिथला नियम वकिलांकडूनच समजून घ्या. पण तज्ज्ञाकडून टक्केवारीचा अंदाज मात्र कुठेही असलात तरी मागा.

तिसऱ्या आरोपाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात पक्का धागा मला तिथेच दिसतो. दाताची आतली नस मेली, की त्या नळीत रक्तपुरवठा उरत नाही. रक्ताबरोबर फिरणारं अँटिबायोटिक तिथल्या जंतूंपर्यंत पोचणार कसं? सूज, ताप असेल तेव्हा त्याचा उपयोग असतो, पण नळीतला संसर्ग त्याने मिटत नाही. दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाचा साधा एक्स-रे पहिल्या भेटीतच काढला असता, तर तुकडा तेव्हाच उघड झाला असता. त्या भेटीपासून दाढ काढेपर्यंतचं दुखणं, गालाची सूज, वाया गेलेले दिवस आणि औषधांचा खर्च यांचा संबंध जोडायला फार मोठी उडी मारावी लागत नाही. दाढ वाचली असती की नाही यावर तज्ज्ञांचे मतभेद होतील, पण ते महिने सुसह्य झाले असते यावर होणार नाहीत. म्हणून दावा दोन पातळ्यांवर मांडायला वकिलांना सांगा: मुख्य मागणी दाढेच्या नुकसानीची, आणि ती मान्य झाली नाही तरी टिकणारी स्वतंत्र मागणी त्या महिन्यांच्या त्रासाची. रक्कम लहान असेल, पण तिच्याखालची जमीन घट्ट आहे.

आता तज्ज्ञ कोण? दाढ काढणारे दुसरे डॉक्टर तुमचे तज्ज्ञ नव्हेत. ते साक्षीदार आहेत, आणि फार मोलाचे: त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं, हिरडीची खोली किती मोजली, दाढ हलत होती का, चीर दिसली का, पुन्हा रूट कॅनाल करण्याचा विचार का केला नाही. शेवटच्या प्रश्नाची तयारी करून ठेवा, कारण "दाढ वाचवता आली असती, काढली तुमच्याच दुसऱ्या डॉक्टरांनी" हा बचाव येणारच. "सरळसरळ चूक आहे" या त्यांच्या उद्गाराला मात्र कार्यकारणभावाचा पुरावा म्हणून वजन नाही.

तज्ज्ञ हवा तो प्रत्यक्ष रूट कॅनालचं काम करणारा एन्डोडॉन्टिस्ट, दोन्ही डॉक्टरांशी संबंध नसलेला. त्याला सगळं द्या, तुमच्या विरोधात जाणारंही. सुरुवातीची सावली, कॅपचा उशीर, सगळं. त्याच्यापासून काही लपवलंत, तर उलटतपासणीत ते पहिल्यांदा ऐकताना त्याचा चेहराच साक्ष देईल. तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य न्यायालयाप्रती असतं, पैसे देणाऱ्या पक्षकाराप्रती नाही. बऱ्याच देशांत हे आता लिखित नियमांतच आहे. आणि नुसतं मत पुरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रमेशचंद्र अग्रवाल खटल्यात २००९ साली सांगितलं की तज्ज्ञाने आपल्या निष्कर्षामागची शास्त्रीय कसोटी आणि आधार न्यायालयापुढे ठेवले पाहिजेत, म्हणजे न्यायाधीशांना स्वतःचं मत बनवता येईल. पदव्यांची लांब यादी आणि दोन ओळींचा निष्कर्ष असा अहवाल मिळाला, तर परत पाठवा.

एका शब्दाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. दंतवैद्यकातली सावध माणसं "शक्य आहे", "सुसंगत आहे" असं लिहितात. शास्त्रात ही सभ्यता आहे. दिवाणी दाव्यात मात्र ती पुरत नाही, तिथे "नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त" असं म्हणता यावं लागतं. तज्ज्ञाला त्याच्या मतापेक्षा पुढे ढकलू नका, पण हा प्रश्न त्याला नेमक्या याच शब्दांत लेखी विचारा, आणि तिन्ही आरोपांसाठी वेगवेगळा विचारा. तो प्रामाणिकपणे "नाही, मला एवढं म्हणता येत नाही" असं म्हणाला, तर ते दावा दाखल करण्याआधी कळणं तुमच्या भल्याचं आहे.

एक्स-रेबद्दल एक सूचना. मोबाइलवर काढलेला एक्स-रेचा फोटो किंवा कागदी प्रिंट घेऊन समाधान मानू नका. दोन्ही दवाखान्यांतून मूळ डिजिटल फायली, त्यांच्यावरच्या तारखांसह मागा. सीबीसीटी स्कॅन (दाताचा त्रिमितीय एक्स-रे) झाला असेल तर त्याची पूर्ण डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ संगणकीय फाइल. दोन एक्स-रे वेगवेगळ्या कोनांतून काढले, की तीच सावली लहानमोठी दिसते, म्हणून "सावली वाढली" हे विधान तज्ज्ञाने कोन विचारात घेऊनच करावं. हाडातला बराच क्षार गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत सावली उमटतच नाही, हेही त्याने लिहावं. आणि एक गोष्ट तुमच्या विरोधात जाणारी: सावली भरून यायला वेळ लागतो. युरोपियन सोसायटी ऑफ एन्डोडॉन्टोलॉजी या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार किमान वर्षाने तपासणी करायची आणि गरज पडल्यास चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं. त्यामुळे सहा महिन्यांनी सावली होती एवढ्यावरून उपचार फसला असं ठरत नाही. सावली मोठी होत गेली आणि जोडीला दुखणं, सूज होती, हे दाखवावं लागेल.

केसपेपरमध्ये तुकड्याची नोंद नसेल, तर ती अनुपस्थितीही बोलते. नोंदी अपुऱ्या ठेवणाऱ्याला त्या अपुरेपणाचा फायदा द्यायला न्यायालयं नाखूश असतात. नंतर घुसडलेली नोंद दिसली, तर मूळ संगणकीय नोंदीचा बदल-इतिहास मागायला वकिलांना सांगा.

पहिल्या डॉक्टरांच्या वागण्याबद्दल दंत परिषदेकडे किंवा तुमच्याकडच्या नियामक संस्थेकडे तक्रार करायची असेल, तर तो स्वतंत्र मार्ग आहे. तिथे प्रश्न डॉक्टरांच्या वर्तनाचा असतो. तुकडा लपवला हे सिद्ध झालं की पुरे. दाढ त्यामुळेच गेली हे दाखवण्याची सहसा गरज पडत नाही. त्यातून भरपाई मिळत नाही, पण तुम्हाला पैशापेक्षा जाब हवा असेल, आणि पत्रावरून मला तसं वाटतं, तर हा मार्ग दुय्यम समजू नका.

मुदतीकडे लक्ष असू द्या. भारतात ग्राहक आयोगाकडे जायला साधारण दोन वर्षं मिळतात. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवावं लागतं. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षं, आणि ती हानीची जाणीव झाल्यापासूनही मोजता येतात. तुम्हाला तुकडा दुसऱ्या एक्स-रेत कळला, ती तारीख लिहून ठेवा. पण मोजणी त्या तारखेपासूनच होईल या भरवशावर राहू नका. उपचाराच्या तारखेपासून मोजली तरी मुदतीत बसेल अशा बेताने चला.

आणि आज, हे वाचून झाल्यावर लगेच, दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा की काढलेली दाढ अजून आहे का. बहुतेक दवाखाने ती टाकून देतात, पण काही ठेवतात. असेल तर ती डॉक्टरांकडेच, तारीख आणि तुमचं नाव लिहून, कशात जपायची हे तज्ज्ञाला विचारून, बंद ठेवायला सांगा. स्वतः घासू-पुसू नका आणि कुणाला उघडून पाहू देऊ नका. चीर होती का, तुकडा कोणत्या मुळात होता, किती जाड होता, त्याच्या पलीकडची नळी साफ झाली होती का, या चारही प्रश्नांची उत्तरं त्या दाढेत आहेत. ती गेलेली असेल, तर तसं दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि काढताना त्यांनी फोटो घेतला होता का, ते विचारा.